घरातला उष्माघात
गेल्या वैशाखात पत्र्याच्या घरात राहणाऱ्या एका आजींना माझ्या दवाखान्यात आणले. अंग भट्टीसारखे, घामाचा थेंब नाही, बोलणे असंबद्ध. त्या उन्हात गेल्याच नव्हत्या. घरातच उष्माघात झाला होता. शेजारीण अंगावर पाणी शिंपडत, वारा घालत वेळीच घेऊन आली, म्हणून वाचल्या.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. तेथील महापालिकेने २०१३ मध्ये कृती आराखडा आखला: आगाऊ इशारे, पिण्याचे पाणी, डॉक्टरांना प्रशिक्षण, २०१७ पासून वस्त्यांतील छतांना पांढरा रंग.

वाचकहो, आपल्या नगरपालिकेकडेही हे मागा. तोवर स्लॅबला चुना, पत्र्याला पांढरा रंग द्या. आणि दुपारी शेजारच्या वृद्धांची विचारपूस करा.