'रन' या इंग्रजी क्रियापदाची बहुअर्थता : अध्यापनाच्या दृष्टीने

इंग्रजीतील अवघड शब्द कोणते, असे विचारल्यास विद्यार्थी लांबलचक लॅटिनोद्भव शब्दांकडे बोट दाखवितो. प्रत्यक्षात त्याला अडवितात ती रोजच्या वापरातील छोटी क्रियापदे. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या 1989 मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे कोशाचे पुनर्संपादन सुरू असता 2011 मध्ये 'रन' या क्रियापदाची नोंद 645 अर्थांसह त्याच्या पुढे गेली.

हे अर्थ परस्परांपासून तुटलेले नाहीत. वेगाने धावण्याच्या मूळ कल्पनेतून पाय वगळले, की नदी 'रन' होते, सर्दीत नाक 'रन' होते, धुण्यात कपड्याचा रंगही. स्थलांतर वगळले, की यंत्र जागच्या जागी 'रन' होते. यंत्रयुगाने या अर्थांत मोठीच भर घातली. गतीच वगळून केवळ विस्तार उरला, की शेताच्या कडेने कुंपण 'रन' होते.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण मात्र वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत स्वतः धावणे आणि दुसऱ्यास धावविणे यांसाठी दोन सगोत्र क्रियापदे होती. कालांतराने ती एकरूप झाली. मराठीने हा भेद जपला आहे : दुकान चालते, मालक दुकान चालवितो. इंग्रजीत दोन्हीकडे 'रन'च. म्हणून 'शी रन्स अ स्कूल' याचा अनुवाद 'ती शाळेत धावते' असा होतो, तेव्हा ती चूक निव्वळ निष्काळजीपणाची नसते. येथे 'धावणे' यापेक्षा 'चालणे' हे क्रियापद अधिक उपयोगी पडते. घड्याळ, खटला, नाटक ही सारी मराठीत चालतातच. (निवडणुकीत अमेरिकी उमेदवार 'रन' होतो, ब्रिटिश उमेदवार 'स्टँड' होतो, मराठी उमेदवारही उभाच राहतो.)

अशा स्थितीत वाक्याविना सुटा शब्द देऊन त्याचा अर्थ विचारणारा प्रश्न निरर्थक ठरतो. अर्थांची यादी पाठ करून घेणेही तितकेच व्यर्थ. त्याऐवजी कर्ता सजीव आहे की निर्जीव, क्रियापदाला कर्म आहे काय, पुढे कोणते अव्यय आले आहे, हे तीन प्रश्न वर्गात सवयीचे करता येतात. 'रन आउट' याचा कर्ता शाई असेल, तर ती संपते. फलंदाज असेल, तर तो धावबाद होतो.