शेगडी खोलीत, बंब दारात: धूर कुणाच्या वाट्याला?

पारोळ्याकडची थंडी दीड-दोन महिन्यांचीच. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेली मंडळी दादरला घामाघूम होतात आणि परत येताना पहाटे इथे उतरलं की कानाला रुमाल बांधतात. पुढे संक्रांतीपर्यंत धुळे-जळगावचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो. पत्र्याच्या घरात ही थंडी जास्त बोचते, कारण पत्रा दुपारी जसा पटकन तापतो तसाच रात्री पटकन गार पडतो. मग घरोघरी प्रश्न येतो. आंघोळीचं पाणी आणि रात्रीची ऊब यासाठी विस्तव करायचा, तो कुठे? घरात की दाराबाहेर?

घरात झोपताना विस्तव नको. याला अपवाद नाही. चूल विझली, धूर संपला, आता नुसते निखारे घमेल्यात घेऊन खोलीत ठेवले तर काय बिघडलं, असं पुष्कळांना वाटतं. खरा धोका इथेच आहे. निखारा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवतं. हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट त्याला चिकटतो. एसटीत कुणी रुमाल टाकून जागा अडवावी तसा तो जागा अडवून बसतो आणि प्राणवायू उभाच राहतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, मग गुंगी. जागा माणूस उठून दार तरी उघडेल, झोपलेल्याला ते कळतच नाही. सकाळी घरातल्या सगळ्यांचंच डोकं जड झालं असेल तर नजर काढत बसू नका. रात्री खोलीत काय जळत होतं ते आठवा.

बाळंतिणीच्या बाबतीत हे सांगणं अवघड जातं. बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, दार-खिडकी लावून घ्यायची, ही रीत आजीने मायेपोटीच सांभाळली आहे. पण मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतं आणि नवजात बाळ चाळीस ते साठ. त्याच खोलीतला धूर आणि वायू त्या इवल्या छातीत भराभर जातो. आईला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या. बाळाच्या अंगाला मात्र ती लावू नका, कातडी भाजते. बाळाला ऊब देण्याचा सर्वांत चांगला मार्ग फुकटचा आहे. डोक्याला टोपी, खाली लंगोट, आणि बाकी उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून गोधडी. सरकारी दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांसाठी हेच करतात, त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. आई थकली तर बाबांनी घ्यावं, आजीने घ्यावं. फक्त घेणाऱ्याने जागं राहावं.

आता बाहेरचा बंब. घरात धूर नाही, म्हणून तो बरा हे खरंच. पण बाहेर म्हणजे कुठे, हे वस्तीत विचारावं लागतं. अमेरिकेतल्या थंड भागात काही लोक घराबाहेर लाकडाची मोठी भट्टी बसवतात. तिच्यात तापलेलं पाणी नळ्यांतून घरात फिरवतात आणि घर उबदार राहतं. आपल्या बंबाचीच ती थोरली बहीण म्हणा. मालकाच्या घरात धूर नाही, पण धुराडं बुटकं आणि आग तासन्‌तास धुमसणारी, त्यामुळे धूर शेजाऱ्यांकडे. शेवटी २०१५ मध्ये तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने अशा नव्या भट्ट्यांच्या धुरावर पहिल्यांदा मर्यादा घातली. तिथे तर दोन घरांमध्ये मोकळं अंगण असतं. आपल्या गल्लीत समोरासमोरच्या दारांत कित्येकदा चार-पाच फुटांचंच अंतर. माझा बंब बाहेर म्हणजे तो समोरच्या दमेकरी काकांच्या उशाशीच झाला.

त्यातून हिवाळ्यातल्या पहाटे हवा जड असते. जमिनीलगत गार थर बसतो, धूर वर जात नाही, गल्लीतच तरंगतो. तोच बंब ऊन वर आल्यावर पेटवला तर धूर उठून निघून जातो. शाळा-कामाला पहाटेच निघणाऱ्यांना हे जमणार नाही, पण घरी असणाऱ्यांनी आंघोळ नऊनंतर केली तरी गल्लीतले पाच-सहा विस्तव कमी होतील. सरपण वाळलेलंच वापरा. ओलं लाकूड आपलंच पाणी उकळण्यात आग वाया घालवतं आणि धूर करतं. कपाशीच्या पऱ्हाट्या वाळलेल्या असल्या तर चांगल्या पेटतात, पण ढीग दाराशी साठवू नका. त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते, हे शेतावर जाणाऱ्यांना ठाऊकच आहे. आणि पेटवण्यासाठी पिशव्या, टायरचे तुकडे, जुनी चप्पल कधीच नको. तो धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी विषारी असतो.

फुकटच्या सरपणाचा हिशेबही एकदा मांडून पाहा. वीस लिटरची बादली अठरा अंशांवरून त्रेचाळीस अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. दीड हजार वॉटच्या रॉडला पंचवीस मिनिटांच्या आतबाहेर. गॅसवर हेच पाणी ऐंशी ग्रॅमच्या आसपास गॅसमध्ये तापतं, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमधून अशा पावणेदोनशेच्या आसपास बादल्या. आपल्या बिलावरचा युनिटचा दर पाहून गुणाकार करा आणि मोळीसाठी बाईचे आठवड्याला किती तास जातात ते त्याच्यासमोर ठेवा. माझं मत विचाराल तर अर्थिंग नीट असेल तिथे रॉड, नाहीतर गॅस, आणि दोन्ही परवडत नसेल तरच बाहेरचा बंब. रॉड लावलेल्या बादलीत बटण बंद करून पिन काढल्याशिवाय बोट घालायचं नाही, आणि लेकरं जवळ फिरकू द्यायची नाहीत.

खोली तापवण्याच्या भानगडीत मात्र पडूच नये. दीड महिन्याच्या थंडीसाठी पत्र्याखाली केलेली ऊब पत्र्यातूनच निघून जाते. त्यापेक्षा पत्र्याखाली जुन्या साड्यांचं किंवा पोत्यांचं छत ताणा, दिवा आणि चुलीपासून लांब. जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंथरुणाखाली पोतं किंवा चटई घालावी. वरच्या दोन गोधड्यांइतकंच महत्त्व खालच्या एकीला आहे, कारण अंगातली ऊब फरशी ओढून घेते.

आणि कुणी बंद खोलीत निखाऱ्याजवळ बेशुद्ध सापडलंच, तर श्वास रोखून दार-खिडक्या उघडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, त्याला ऑक्सिजन हवा असतो. दवाखान्यात पोचल्यावर 'खोलीत शेगडी होती' हे आपणहून सांगा. बोटाला लावतात त्या यंत्राला हा वायू आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही. माणूस अत्यवस्थ असतानाही ते अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव असा चांगला आकडा दाखवू शकतं.