गोड्या पाण्यातील खारा पाहुणा

गुलबर्ग्याहून समुद्र कोणत्याही दिशेने साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. येथील मुलांना ठाऊक असतो तो भीमेतला किंवा शरणबसवेश्वर तलावातला मासा. त्यामुळे प्राणवायू भरलेल्या पिशवीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश दिसला, की तो हौसेने घरी आणला जातो आणि नळाच्या पाण्याच्या काचपेटीत सोडला जातो. काही वेळाने तो धापा टाकू लागतो, कलंडतो. प्रवासाचा शीण असेल, असे घरची मंडळी म्हणतात. वस्तुतः तो बुडत असतो, आणि तेही आतून.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात साधारण त्याच्या एक तृतीयांश. पाणी कमी खारट बाजूकडून अधिक खारट बाजूकडे झिरपते. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, ते याच न्यायाने. म्हणून समुद्रातील माशाच्या देहातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ती तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींवाटे टाकून देतो आणि मूत्र फारच थोडे करतो. गोड्या पाण्यात हा सारा व्यवहार उलटतो. पाणी कल्ल्यांतून आत शिरते, रक्तातील क्षार निसटू लागतात, आणि काटकसरीला सरावलेल्या मूत्रपिंडांना तो पूर उपसता येत नाही. कोकणातला जिताडा दोन्ही पाण्यांत नांदतो खरा, परंतु हे कसब थोड्याच माशांपाशी असते.

अशा वेळी आधी माशाची जात विचारावी. तो अस्सल समुद्री असेल तर विलंब न लावता, तितक्याच उष्णतेच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात हलवावा. मात्र स्वयंपाकघरातील मीठ उपयोगी नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात. त्यासाठी तयार समुद्री मीठ मिळते. ते क्लोरीन घालविलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम विरघळवावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास हवे. अडीनडीला अंशांच्या खुणा असलेला दुधाचा लॅक्टोमीटरही चालेल. त्यावरील २५ चा आकडा म्हणजे १.०२५ च! खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, तेव्हा हवेचा पंप चालू ठेवावा. काही मिनिटांचीच चूक असेल तर धीर सोडू नये; परोपजीवी काढण्यासाठी जाणकार अशा माशांना मुद्दाम थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवितात.

मोनो आणि स्कॅट यांची गोष्ट वेगळी. हे खाडीचे मासे; लहानपणी गोड्या पाण्यातले म्हणून विकले जातात आणि काही महिने तगतातही. त्यांच्या बाबतीत घाई घातक ठरते. क्षारांचे प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे, कारण माशाच्या मलातील अमोनिया पचविणाऱ्या गाळणीतील उपकारक जंतूंनाही नव्या पाण्याशी जुळवून घ्यावे लागते.

घरी समुद्री पाणी सांभाळणे झेपत नसेल, तर खाऱ्या पाण्याच्या पेट्या बाळगणाऱ्या विक्रेत्याकडे मासा सोपवावा. दया येऊन कित्येक जण तो नदीत सोडतात. पण भीमेचे पाणीही गोडेच.