खाली दगड, वर माणसं

मेक्सिको सिटीत पासेओ दे ला रेफोर्मा या रुंद रस्त्याच्या कडेला एक अजस्र दगडी मूर्ती उभी आहे. उंची सुमारे ७ मीटर, वजन दीडशे टनांच्या वर. चेहरा अर्धवट घडवलेला, कडा झिजलेल्या. हा पावसाचा देव त्लालोक. काही अभ्यासकांच्या मते मात्र ही जलदेवता चाल्चिउत्लिकुए. मूर्तीच्या मागे झाडांत राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयाची लांबट, बसकी इमारत आहे. आमची फेरी दारातून नव्हे, या मूर्तीपासून सुरू झाली. साठीच्या घरातल्या आमच्या गाइडबाई म्हणाल्या, “आत जाण्याआधी याची गोष्ट ऐका. ती सगळीच अभिमानाची नाही.”

ही मूर्ती शेकडो वर्षं तेश्कोकोजवळच्या कोआतलिंचान गावाबाहेर एका ओढ्याच्या पात्रात आडवी पडलेली होती. गावकऱ्यांच्या लेखी ती पाऊस आणणारी, आपली होती. १९६४ साली नव्या संग्रहालयासाठी ती न्यायचं ठरलं, तेव्हा गाव आडवं आलं. वाहनांची नासधूस झाली, शेवटी सैन्य बोलवावं लागलं. बदल्यात गावाला शाळा, दवाखाना आणि रस्ता मिळाला. १६ एप्रिल १९६४ रोजी असंख्य चाकांच्या खास गाड्यावरून मूर्ती राजधानीत आली. रस्त्याच्या दुतर्फा गर्दी लोटली होती. पावसाळा अजून लांब होता, तरी त्या रात्री शहरावर धो धो पाऊस कोसळला. आज कोआतलिंचानच्या चौकात त्या मूर्तीची प्रतिकृती उभी आहे.

ही गोष्ट दारातच सांगण्याचं कारण मला फेरीच्या शेवटी कळलं. दगड कुणाचा, हा प्रश्न या वास्तूच्या पायाशीच आहे.

संग्रहालय १७ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेस मातेओस यांच्या हस्ते खुलं झालं. वास्तुरचनाकार पेद्रो रामिरेस वास्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दोन वर्षांच्या आत उभं केलं. जागा चापुल्तेपेकच्या रानातली. चापुल्तेपेक म्हणजे नाकतोड्याची टेकडी. आत शिरलं की मराठी माणसाला वाड्याची आठवण व्हावी अशी रचना आहे: मधे ऐसपैस मोकळा चौक आणि भोवती दालनं. कल्पना मात्र तिथल्याच मातीतली, युकातानमधल्या उश्माल या माया नगरीतल्या चौकोनी वास्तुसमूहावरून घेतलेली. चौकाच्या एका भागावर सुमारे ८२ मीटर लांब आणि ५४ मीटर रुंद छत आहे, आणि ते एकाच खांबावर तोललेलं आहे. लोक त्याला ‘छत्री’ म्हणतात. खांबावर होसे चावेस मोरादो यांची ब्राँझची उठावशिल्पं आहेत आणि त्याच्या भोवतीने वरून पाण्याची धार सतत गोल कोसळत असते.

या चौकाचा उपयोग दोन दालनं पाहून झाल्यावर समजतो. प्रत्येक दालनातून चौकात येता येतं. डोकं भरून आलं की बाहेर यावं, पाण्याचा आवाज ऐकावा आणि पुढच्या दालनात शिरावं. ‘एकदा शिरलात की शेवटपर्यंत चाला’ ही सक्ती इथे नाही. एवढ्या मोठ्या संग्रहालयात पाहणाऱ्याच्या थकव्याचा इतका विचार केलेला मी तरी क्वचितच पाहिला आहे.

तळमजल्यावर पुरातत्त्व आहे, वरच्या मजल्यावर आज हयात असलेल्या मूळ रहिवाशांचं जगणं. दालनं एकूण २२. गाइडबाईंनी सुरुवातीलाच बजावलं, “सगळं पाहायचा हट्ट धरू नका. मी दहा वस्तू दाखवेन, पण त्या नीट पाहू.”

आधी शब्दाचा उलगडा. ‘मेसोअमेरिका’ हे नाव पॉल किर्शहॉफ या अभ्यासकाने १९४३ साली रूढ केलं. मध्य मेक्सिकोपासून ग्वातेमाला, बेलीझ ओलांडून पार कोस्टा रिकापर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात भाषा अनेक, राज्यं अनेक. पण मका, घेवडा आणि भोपळ्याची शेती, पायऱ्यांचे पिरॅमिड, रबराच्या चेंडूचा खेळ आणि २६० दिवसांची कालगणना हे सगळं सामाईक. ‘अ‍ॅझ्टेक आणि माया’ एवढ्या दोन नावांत आपण जे गुंडाळतो, त्याचा पट तीन हजार वर्षांचा आहे.

तेओतिवाकानच्या दालनात पिसाऱ्याच्या नागाच्या मंदिराचा दर्शनी भाग मूळ रंगांत उभा केला आहे. दगडी जबडे लाल-हिरव्या रंगांत पाहिले की आपल्या डोक्यातलं करड्या भग्नावशेषांचं चित्र पुसलं जातं. या नगरीचं मूळ नाव आज कुणालाच माहीत नाही. तेओतिवाकान हे नाव तिच्या ऱ्हासानंतर शेकडो वर्षांनी आलेल्या मेशिकांनी दिलं. मेशिका म्हणजे ज्यांना आपण अ‍ॅझ्टेक म्हणतो ते लोक.

त्यांचं दालन चौकाच्या टोकाला, दाराच्या बरोबर समोर आहे. देवळातल्या गाभाऱ्याची जागा असावी तशी. समोरच्या भिंतीवर सूर्यशिळा आहे: साडेतीन मीटरहून अधिक व्यासाची, सुमारे २४ टनांची बेसाल्टची चकती. १७ डिसेंबर १७९० रोजी राजधानीच्या मुख्य चौकात काम चालू असताना ती जमिनीखाली सापडली आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं कॅथेड्रलच्या भिंतीला टेकवलेली होती. मधे चेहरा, त्याभोवती चार चौकटी. प्रत्येक चौकटीत होऊन गेलेला एक ‘सूर्य’, म्हणजे एक युग. पहिलं वाघासारख्या जग्वारांनी संपवलं, दुसरं वाऱ्याने, तिसरं अग्निवर्षावाने, चौथं पुराने. आपण पाचव्यात आहोत आणि ते भूकंपाने संपणार. त्याबाहेरच्या कड्यात वीस दिवसांची वीस चिन्हं.

“याला सगळे कॅलेंडर म्हणतात,” बाई म्हणाल्या, “पण यावरून तुम्हाला आजची तारीख काढता येणार नाही. हे काळाचं चित्र आहे.” खरी कालगणना दोन चाकांची होती: वीस चिन्हं आणि तेरा आकडे मिळून २६० दिवसांचं एक चक्र, आणि ३६५ दिवसांचं दुसरं. दोन्ही पुन्हा एकत्र यायला ५२ वर्षं लागत. ती पुरी होत त्या रात्री घरोघरची चूल विझवली जाई, डोंगरावर नवा अग्नी पेटवला जाई आणि तिथून तो वाटला जाई. पंचांग पाहून मुहूर्त काढणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला काळाबद्दलची ही धास्ती परकी वाटत नाही.

काही पावलांवर कोआत्लिकुए आहे. अडीच मीटरहून उंच, सापांचा घागरा, गळ्यात कापलेले हात आणि हृदयं यांची माळ, डोक्याच्या जागी समोरासमोर भिडलेली दोन नागमुखं. ही देवांची आई. ती सूर्यशिळेच्या आधी, १३ ऑगस्ट १७९० रोजी सापडली. १५२१ मध्ये मेशिकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली तीही १३ ऑगस्टच. मूर्तीला विद्यापीठात नेऊन ठेवलं, तर स्थानिक लोक फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येऊ लागले. अडीचशेहून अधिक वर्षांच्या ख्रिस्ती राज्यानंतरही! अधिकाऱ्यांनी ती पुन्हा पुरून टाकली. १८०३ साली जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने पाहायला मागितली म्हणून ती उकरली, आणि तो गेल्यावर परत पुरली. मूर्तीच्या तळालाही कोरीवकाम आहे. जमिनीला टेकलेली ती बाजू कुणाला दिसण्यासाठी नव्हतीच, ती पृथ्वीसाठी होती.

नरबळीचा विषय बाईंनी टाळला नाही, रंगवलाही नाही. देवांनी स्वतःचं रक्त देऊन सूर्य चालता केला, तेव्हा माणसानेही ते ऋण फेडायचं, अशी श्रद्धा होती; त्याच श्रद्धेच्या आधारावर युद्धं आणि साम्राज्यही चालत होतं. दोन्ही त्यांनी सांगितलं. भयंकराला माफी न देता समजून घेण्याचा हा मार्ग मला प्रामाणिक वाटला.

आखाती किनाऱ्याच्या दालनात मेशिकांच्या कितीतरी आधीच्या ओल्मेक लोकांचं प्रचंड दगडी मस्तक आहे. अशी १७ मस्तकं आजवर मिळाली आहेत. दगड तुश्तला डोंगरातला, तिथून तो कित्येक कोस माणसांनी ओढत नेला. जवळ एका काचेत मातीचं छोटं खेळणं आहे: चार चाकांवरचं जनावर. म्हणजे चाक माहीत होतं. गाडी ओढायला बैल किंवा घोडा नव्हता. पुस्तकांतून ‘यांना चाक ठाऊक नव्हतं’ असं शिकलेलं एक वाक्य त्या वीतभर खेळण्यापुढे मोडून पडलं.

मायांच्या दालनात पालेंकेचा राजा पाकाल याच्या कबरीची प्रतिकृती खाली उतरून पाहायची. आल्बेर्तो रुस लुइयिए यांनी १९५२ साली मंदिराच्या पोटातली ती कबर उघडली. पाकालचा हिरव्या जेडचा मुखवटा वर काचेत आहे. तो एकदा इथूनच चोरीला गेला होता. १९८५ च्या नाताळच्या पहाटे दोन तरुणांनी शंभराहून अधिक वस्तू लांबवल्या. त्यातल्या बहुतेक १९८९ मध्ये परत मिळाल्या.

याच दालनात शिंपल्याच्या आकाराचं एक चिन्ह दिसतं: मायांचं शून्य. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. भारतीय पाहुणा इथे हमखास थबकतो आणि दोन्हींचा धागा जुळवायला जातो. तसा धागा नाही, आणि नाही यातच मोठेपण आहे. दोन महासागरांपलीकडच्या माणसांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, ‘काहीच नाही’ याला चिन्ह दिलं. मायांच्या पोथ्या उंबराच्या जातीच्या झाडाच्या सालीच्या कागदावर, पंख्यासारख्या घडीच्या असत. १५६२ साली मानी गावात दिएगो दे लांदा या धर्मगुरूने त्यांची होळी केली. आज जगात चारच उरल्या आहेत.

अडीच तासांची फेरी इथे संपते. बहुतेक गट इथूनच बाहेर पडतात. बाई मात्र जिन्याशी थांबल्या. “माझे पैसे मिळाले, आता तुम्ही मोकळे आहात,” त्या म्हणाल्या. “पण वर गेला नाहीत, तर तुम्ही मेलेल्या माणसांचं संग्रहालय पाहिलंत.”

मी वर गेलो. वर झोपड्या आहेत, कमरेला पट्टा बांधून विणायचे माग आहेत, सण आहेत. मेक्सिकोत आज मूळ रहिवाशांचे ६८ भाषासमूह मान्य आहेत. मेशिकांची नावात्ल भाषा १५ लाखांहून अधिक लोक बोलतात. खाली ज्यांचे देव काचेत आहेत, त्यांचीच ही लेकरं. एका देखाव्यात गुडघ्यांवर बसून मका वाटणारी बाई होती. तिच्यापुढचा तीन पायांचा उतरता दगड मी तासाभरापूर्वी खाली, हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तूंत पाहिला होता. चुन्याच्या पाण्यात उकळलेला मका त्यावर वाटायचा आणि त्याची भाकरी थापायची. दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता. आमच्या घरी आजीच्या पाट्याला दरवर्षी टाकी लावून घ्यावी लागे, ती अशाच झिजेमुळे.

पुढच्या देखाव्यात मृतांच्या दिवसाची आरास होती, नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांची. पूर्वजांना घरची वाट दिसावी म्हणून केशरी पाकळ्यांचा सडा घातला होता. ते फूल म्हणजे झेंडू. आपल्या दसऱ्याचं तोरण ज्याच्याविना अपुरं, तो झेंडू मूळचा या मातीतला. मिरची, टोमॅटो, मका, चिकू, निशिगंध हेही इकडचेच, स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी जगभर नेलेले. कोल्हापूरचा रस्सा आणि पुण्याच्या मंडईतला फुलबाजार यांचं या तळमजल्याशी नातं आहे, आणि ते दंतकथेचं नव्हे, बियाण्याचं आहे.

या मजल्याबद्दल एक खटकलं, तेही सांगायला हवं. जिवंत माणसांचं जगणं पुतळ्यांच्या रूपात बसवलं की ते थिजतं. आजची नावात्ल बोलणारी मुलगी मोबाइल वापरते, शहरात नोकरी करते. ती इथे दिसत नाही. पण वरचा मजला नसता तर खालचा खोटा ठरला असता. वैभव पूर्वजांचं आणि वंशज अदृश्य, ही वाटणी जगातल्या कित्येक संग्रहालयांनी निमूट पत्करली आहे. इथे निदान जिना आहे.

बाहेर पडताना पुन्हा त्लालोकपाशी आलो. बाई दुसऱ्या गटाला तीच गोष्ट सांगत होत्या: ओढा, गाव, सैन्य, पाऊस. सकाळी मला ती एका दगडाच्या प्रवासाची गोष्ट वाटली होती. आता ऐकताना मनात आलं, मूर्ती जायला निघाली तेव्हा कोआतलिंचानची जी माणसं रस्त्यात उभी राहिली, ती वरच्या मजल्यावरची माणसं होती.