चौकी चोवीस तासांत, दवाखाना कधी?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबरला, शेजारच्या चंद्रपुरात दरवर्षीप्रमाणे धम्मबांधव दीक्षाभूमीवर जमले होते. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांनी नागपूरनंतर चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. एका घटनेत बंदूक खाली ठेवली गेली, दुसऱ्या घटनेने बंदुकीविना माणूस उभा राहतो हे सत्तर वर्षांपूर्वीच दाखवून दिले. आंबेडकरी चळवळीने या दोन तारखा एकत्र वाचल्या पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

आम्ही बंदुकीचे समर्थन कधी केले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडून देण्यास बजावले, तेव्हापासून आमचा मार्ग ठरलेला आहे. परंतु त्याच भाषणातील दुसरा इशारा राज्यकर्ते सोयीस्करपणे विसरतात. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ ठेवली तर तिचे चटके सोसणारे लोक लोकशाहीची इमारतच उलथवून टाकतील, असे बाबासाहेब म्हणाले होते. गडचिरोलीत चार दशके जे घडले ते या दुसऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याचेच फळ आहे.

त्या चार दशकांत मेले कोण? एकट्या २००९ सालात मरकेगावला १५, हत्तीगोटा येथे १६ आणि लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. हे पोलीस कोणा मंत्र्याचे किंवा उद्योगपतीचे पुत्र नव्हते. १९९० साली उभारलेल्या सी-६० दलातले बहुतेक जवान याच मातीतले आदिवासी आणि बहुजन. दलमची बंदूक खांद्यावर घेणारी पोरेही गोंड आणि माडिया. खबऱ्या ठरवून ज्यांचे गळे कापले गेले तेही तेच. दोन्ही बाजूंना आपलेच लोक मेले आणि दोन्ही बाजूंचे हिशेब मात्र दूरवर बसलेल्यांनी केले.

आता बंदुका थंडावल्या आहेत. मग त्या मोकळ्या झालेल्या जागेत कोण शिरणार? आमचा प्रश्न एवढाच आहे.

शासन काय करू शकते याचा पुरावा शासनानेच दिला आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये गर्देवाडा, पेनगुंडा, नेलगुंडा, कवंडे अशा दुर्गम गावांत पोलीस मदत केंद्रे उभी राहिली. हजारावर माणसे, जेसीबी आणि ट्रक लावून चोवीस तासांत केंद्र उभे केले, असे पोलीस खात्याने अभिमानाने सांगितले. त्यांच्या कार्यक्षमतेबद्दल आमची तक्रार नाही. पण संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची उघडून पाहा. दुसऱ्या क्रमांकाला पोलीस आहे, सहाव्या क्रमांकाला सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने आहेत. दोन्ही जबाबदाऱ्या एकाच राज्य सरकारच्या. मग दुसरा क्रमांक चोवीस तासांत पोहोचतो आणि सहाव्याला पिढ्या लागतात, हे कसे? रस्ता नाही, वीज नाही, कर्मचारी तिथे राहत नाहीत, ही कारणे पोलिसांच्या बाबतीत आड आली नाहीत. ती फक्त डॉक्टरच्या बाबतीतच का आड येतात?

सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यातील एका आई-बापाने तापाने गेलेल्या आपल्या दोन चिमुकल्यांची प्रेते खांद्यावर घेऊन दवाखान्यापासून गावापर्यंत चिखलवाट तुडवली. ती चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली, हळहळला आणि विसरला. दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि अडलेल्या बाईला खाटेवर टाकून नाला ओलांडावा लागतो. कधी एखादी गरोदर बाई हेलिकॉप्टरने आणली की तिचा फोटो छापून येतो. ज्यांच्यासाठी हेलिकॉप्टर आले नाही त्यांचा फोटो कोण काढतो?

सरकारी निकष सांगतो की आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांना एक उपकेंद्र असावे. कागदावर ही सवलत दिसते. पण जिथे पंधरा-वीस घरांची पाडे जंगलात विखुरलेली आहेत, तिथे ३ हजार माणसे जमवायला किती गावे आणि किती नाले मोजावे लागतील? माणसे मोजून दवाखाना देण्याची ही पद्धत शहाण्यांनी शहरात बसून ठरवलेली आहे. जंगलात अंतर आणि पूर मोजून दवाखाना दिला पाहिजे.

जंगल, बंदूक आणि दवाखाना यांचे हे त्रांगडे एकट्या गडचिरोलीचे नाही. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाकडे पाहावे. तिथे १९६४ पासून 'फार्क' या सशस्त्र संघटनेचे सरकारशी युद्ध चालले. त्या देशातील सशस्त्र संघर्षात दोन लाखांहून अधिक माणसे मेली. २००० सालापासून अमेरिकेने 'प्लॅन कोलंबिया'च्या नावाने अब्जावधी डॉलर ओतले, त्यातला मोठा वाटा लष्कराकडे गेला. त्याच कोलंबियाने १९९३ मध्ये कायदा करून आरोग्यसेवा विमा कंपन्यांच्या हवाली केली. आज तिथे जवळजवळ प्रत्येकाच्या नावावर विमा आहे. पण चोकोसारख्या जंगली प्रदेशात, जिथे कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी राहतात, तिथे विम्याचे कार्ड आहे आणि डॉक्टर नाही!

२०१६ मध्ये कोलंबियात शांतता करार झाला. त्याचे पहिलेच कलम ग्रामीण सुधारणेचे होते, त्यात जमीन होती आणि ग्रामीण आरोग्यही होते. फार्कने शस्त्रे ठेवली. पण ती ज्या जंगलातून निघाली तिथे सरकारचा दवाखाना आणि शाळा वेळेवर पोहोचली नाही. मग त्या मोकळ्या जागेत दुसऱ्या सशस्त्र टोळ्या शिरल्या, कोकेनवाले शिरले, बेकायदा सोने खणणारे शिरले. राष्ट्राध्यक्ष गुस्तावो पेट्रो यांनी विमा कंपन्यांचा विळखा सैल करणारे आरोग्य विधेयक आणले, ते एप्रिल २०२४ मध्ये सिनेटच्या समितीने बुडवले.

आणि ज्या अमेरिकेने बंदुका दिल्या तिचे काय? २०२५ च्या सप्टेंबरपासून तिच्या लष्कराने व्हेनेझुएलाजवळच्या समुद्रात बोटींवर मारा सुरू केला, युद्धनौका पाठवल्या. त्याच ऑक्टोबरात, म्हणजे गडचिरोलीत भूपती शस्त्रे ठेवत होता तेव्हा, आरोग्य विम्याच्या अनुदानावरून अडलेल्या खर्चाच्या मंजुरीमुळे अमेरिकेचे सरकारी कामकाज बंद पडले होते. ते ४३ दिवस बंद राहिले. गरिबाच्या औषधाला पैसा द्यायचा की नाही यावर महिनाभर खल होतो, युद्धनौका पाठवताना मात्र तिजोरी आड येत नाही. जगभरच्या राज्यकर्त्यांची जात एकच आहे.

आपल्याकडेही कार्डाचाच रस्ता धरला गेला आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले. शस्त्रक्रियेसाठी या योजनेचा अनेक गरिबांना उपयोग झाला, तो आम्ही नाकारत नाही. परंतु योजनेचा पैसा रुग्ण अंगीकृत रुग्णालयात दाखल झाल्यावर सुरू होतो. तापाने फणफणलेले लेकरू, साप चावलेला शेतकरी, मलेरियाने पिवळी पडलेली बाई, यांना आधी त्या रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचावे लागते. कार्ड नदी ओलांडत नाही. आपल्या घरच्या हौदाचे पाणी अस्पृश्यांना खुले करणाऱ्या जोतिरावांचे नाव घ्यायचे, तर दवाखानाही वस्तीत आला पाहिजे.

हा प्रश्न आदिवासींचा आहे, आपला नाही, असे आमच्यातील काहींना वाटते. त्यांनी सिकलसेलचा विचार करावा. रक्ताचा हा आनुवंशिक आजार विदर्भात गोंड, माडिया, परधान यांच्यात आहे, तसाच पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही आहे. तेली आणि कुणबी समाजातही तो आढळतो. नागपूरच्या आमच्या वस्त्यांत आणि भामरागडच्या पाड्यांत एकच दुखणे रात्री हाडे मोडून काढते. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर केली, २०४७ चे उद्दिष्ट ठेवले. तपासण्या झाल्या, रंगीत कार्डे वाटली गेली. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी दर महिन्याला न चुकता मिळाली पाहिजे, रक्त जवळ मिळाले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्व मानले, मात्र त्याच कायद्यातील नोकरीच्या ४ टक्के आरक्षणातून रक्ताचे आजार वगळले. हा अन्याय आमचे लोकप्रतिनिधी विधिमंडळात किती वेळा बोलले?

पैसा नाही, असे कोणी सांगू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. आणि आमच्या या दोन जिल्ह्यांच्या पोटात तर कोळसा आणि लोखंड आहे. चंद्रपूरच्या कोळशावर राज्य उजळते, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर देशातील चौथे सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. सुरजागडचे लोहखनिज २०२१ पासून जोरात बाहेर चालले आहे. खनिजाचे ट्रक जाण्यासाठी रस्ता होतो, रुग्णवाहिका येण्यासाठी होत नाही. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले, त्यातील किमान ६० टक्के निधी पाणी, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या कामांवर खर्चावा असे तेव्हाच ठरले. त्या निधीचा हिशेब ग्रामसभेसमोर वाचला गेला पाहिजे.

ज्ञान नाही, असेही कोणी सांगू नये. याच गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते जगाला सांगितले, पुढे देशाने ही पद्धत आशा सेविकांमार्फत उचलली. पण ज्या आशाताईंच्या पायांवर ही यंत्रणा उभी आहे त्यांना शासन आजवर कर्मचारी न मानता स्वयंसेविका म्हणत आले. २०२३-२४ मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला. त्यांतल्या कितीतरी आपल्याच भगिनी आहेत. सेवाभावी संस्थांविषयी आम्हाला आदर आहे, परंतु सेवाभाव हा हक्काची जागा घेऊ शकत नाही. दानावर जगणारा समाज दात्यापुढे वाकतो, आणि वाकणे आम्ही १९५६ मध्येच सोडले आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मजूर स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीचे समर्थन करताना सांगितले होते की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तो भार मुख्यत्वे सरकारने उचलावा. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ते स्वतः धनबादच्या कोळसा खाणीत उतरले. आरोग्य ही उपकाराची बाब नाही, ती राज्याची जबाबदारी आहे, हा त्यांचा विचार आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जिथे पोलीस मदत केंद्र आहे तिथे वर्षभराच्या आत मुक्कामी परिचारिका, औषधसाठा आणि रुग्णवाहिका असलेले आरोग्य केंद्र उभे करा, आणि ते पोलिसांच्या तारेच्या कुंपणाबाहेर असू द्या, म्हणजे आजारी माणसाला कोणाच्या बाजूचा आहेस हे सांगावे लागणार नाही. सिकलसेलचे औषध प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम ठेवा. आशाताईंना वेतन आणि दर्जा द्या. आणि ब्राझीलने १९८८ च्या संविधानात आरोग्य हा सर्वांचा हक्क लिहिला, राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तसा कायदा महाराष्ट्रात करा.

भीमजयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी आपल्या गावोगावच्या शाखा लाखो रुपये मंडप आणि डीजेवर खर्च करतात. त्यांनी येत्या वर्षी आपल्या उपकेंद्रात जाऊन एवढेच पाहावे: परिचारिका हजर आहे का, सिकलसेलची गोळी आहे का, गाडी सुरू होते का. नसेल तर तहसीलसमोर बसावे, आणि बसताना शेजारच्या पाड्यातील गोंड-माडिया बांधवांना सोबत घ्यावे. कोलंबियाच्या जंगलात सरकार उशिरा पोहोचले आणि बंदूक परत आली. गडचिरोलीत ती परत येऊ नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी काम तयार आहे.

जय भीम!