नातवासाठी कुत्रा आणण्यापूर्वी

स्वमग्न मुलासाठी प्रशिक्षित कुत्रा आणला तर ते शांत होईल का, हा प्रश्न अलीकडे नांदेड-लातूरच्या दवाखान्यांतही विचारला जाऊ लागला आहे. विचारणारे बहुधा आजी-आजोबा असतात. परदेशातील कोणा नातेवाइकाने चित्रफीत पाठवलेली असते : मूल रडत आहे, कुत्रा येऊन त्याच्या मांडीवर डोके ठेवतो आणि मूल निवळते. ही आशा निराधार नाही. मात्र कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे असते आणि त्याचे खाणेपिणे, फिरणे, औषधपाणी अखेर घरात दिवसभर असणाऱ्यांच्या, म्हणजे बहुधा तुमच्याच वाट्याला येते. म्हणून हा निर्णय चित्रफीत पाहून घेऊ नये, आपले घर पाहून घ्यावा.

तीन निरनिराळ्या गोष्टी

'सहाय्यक श्वान' एकाच व्यक्तीसाठी, ठरावीक कामांकरिता तयार केलेला असतो. मूल रस्त्याकडे धावू लागले की जागीच ठाण मांडून त्याला थोपवणे, ते बेचैन झाले की अंगावर वजन टाकून स्थिर करणे, ही ती कामे. अशा प्रशिक्षणाला दीड-दोन वर्षे लागतात. 'उपचार-श्वान' आपल्या प्रशिक्षकासह शाळेत किंवा उपचार केंद्रात येतो, तासभर मुलांबरोबर राहतो आणि परत जातो. आपल्याकडे मिनल कविश्वर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनने मुंबई-पुण्यात असे काम केले आहे. तिसरा आपला घरचा पाळीव कुत्रा. तो माया लावतो, सोबत करतो. पण त्याच्याकडून पहिल्याचे काम अपेक्षित धरणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

उपयोग किती होतो? कॅनडातील 42 स्वमग्न मुलांचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. सकाळी जाग आल्यावर शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी वाढते. कुत्रा घरी येण्यापूर्वी ही वाढ 58 टक्के होती, तो असताना 10 टक्क्यांवर आली आणि काही काळासाठी त्याला दूर नेल्यावर पुन्हा 48 टक्के झाली. दिवसभराच्या सरासरी पातळीत मात्र फरक पडला नाही. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. लाभ शक्य आहे. पण तो कुत्रा सोबत असेपर्यंतचा आहे. वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि वर्तनविषयक मार्गदर्शन यांची जागा तो घेऊ शकत नाही.

घर काय सांगते?

पंधरा दिवस एक वही ठेवा. मूल केव्हा अस्वस्थ झाले, त्याआधी काय घडले आणि कशाने शांत झाले, एवढेच लिहा. बहुतेक वेळा उत्तर वहीतच सापडते. सिद्धेश्वराच्या यात्रेतील किंवा होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीतील आवाज सोसत नसेल, तर कान झाकणारे साधन आणि लवकर परतण्याची तयारी पुरते. मूल दार उघडून पळत असेल, तर आज संध्याकाळीच दाराला उंचावर कडी बसवा आणि मनगटावर नाव व दूरध्वनी क्रमांक असलेली पट्टी बांधा. हे काम कुत्र्याची वाट पाहत थांबू नये.

मग मुलाकडे पाहा. काही स्वमग्न मुलांना भुंकणे, लाळ किंवा केसांचा स्पर्श मुळीच सहन होत नाही. ओळखीच्या घरातील शांत कुत्र्याजवळ, मोठ्यांच्या देखरेखीखाली, त्याला पाच-सहा वेळा नेऊन पाहा. ते आपण होऊन जवळ जाते का? रागाच्या भरात कुत्र्याला मारते का?

नंतर स्वतःकडे पाहा. दमा आहे का? रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का? साखळीला हिसका बसून पडल्यास खुब्याचे हाड मोडू शकते. आपला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. दाट केसांच्या लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांना तो फार जाचतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना कुत्र्याच्या पाण्याचा हिशेबही करावाच लागेल. आपल्या भागातील कारवान कुत्रा हे ऊन सोसतो. पण तो मूळचा शिकारी, हलणाऱ्या वस्तूमागे धावणारा. मुलाला थोपवून धरण्याच्या कामी तो सहसा योग्य नाही. कोणताही कुत्रा आणला तरी रेबीजची लस चुकवू नये. दात किंवा नख लागलेच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित दवाखाना गाठावा.

पैसे देण्यापूर्वी

'प्रमाणित सहाय्यक श्वान' म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर सावध राहावे. आपल्या देशात अशा श्वानांसाठी सर्वमान्य सरकारी प्रमाणपत्र नाही. गळ्यातील पट्टा किंवा छापील ओळखपत्र पाहू नका. आपल्या मुलासोबत, आपल्या रस्त्यावर कुत्रा नेमके कोणते काम करतो, ते पाहा. प्रशिक्षक पुढील वर्षभर भेट देणार आहे का, हेही विचारा.

तोवर जे हाताशी आहे, ते सोडू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. वैश्विक दिव्यांग ओळखपत्र अवश्य काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याची सोय आहे. तपासणी व मार्गदर्शनासाठी नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे जाता येते. आणि आजी-आजोबांनो, नातवाच्या काळजीने तुमचीच झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर तोही उपचाराचा विषय आहे. 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

वहीतील एखादी अडचण इतर उपायांनी सुटत नाही, मुलाला कुत्रा आवडतो, आणि त्याला रोज पहाटे फिरवणारा धडधाकट माणूस घरात आहे : या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर जरूर पुढे जा. त्यांपैकी एकही उणी असेल, तर उपचार चालू ठेवून सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडा. थांबल्याने नातवाचे काही हिरावले जात नाही. घाईने आणलेला कुत्रा परत करावा लागला, तर मात्र मुलाला त्या वियोगाचे कारण समजावून सांगणे फार कठीण जाते.