ओळखचोरीची शिक्षा आणि अपिलाची एकमेव संधी

दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा तत्सम ओळखखूण लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमान्वये गुन्हा आहे. २००८ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा सुनावली गेली की आरोपीचे कुटुंबीय हबकून जातात. काही जण ‘पुढे हायकोर्ट आहेच’ म्हणून निर्धास्त राहतात. दोन्ही गोष्टी नुकसानीच्याच.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध अपील सत्र न्यायालयात करावे लागते. त्यासाठी मुदत ३० दिवसांची आहे. निकालाची प्रत मिळण्यास लागलेला आवश्यक वेळ त्यातून वगळला जातो. उशीर माफ होऊ शकतो; पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांहून अधिक नसेल, तर अपील दाखल करण्यापुरता जामीन शिक्षा देणारे न्यायालयच देते. तो नाकारायचा तर विशेष कारणे असावी लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३० व्या कलमात ही तरतूद आहे. जुन्या संहितेतही ती होतीच.

अपील म्हणजे दयेची याचना नव्हे. सत्र न्यायालय साक्षीपुरावा मुळापासून पुन्हा तपासू शकते. ओळखचोरीच्या खटल्यांत याला विशेष महत्त्व आहे, कारण येथील पुरावा बहुधा संगणकीय नोंदींचा असतो. मूळ उपकरण न्यायालयात सादर केले नसेल, तर अशा नोंदींच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले. तो वाद आपल्याच जालन्यातील विधानसभा निवडणुकीचा होता. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल हे त्यातील पक्षकार. याशिवाय, खाते आरोपीच्या संगणकावरून उघडले गेले एवढ्याने भागत नाही. ते त्यानेच आणि अप्रामाणिक हेतूने उघडले, हेही सिद्ध व्हावे लागते.

मात्र आरोपीने गुन्हा कबूल केला असेल, तर सामान्यतः शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता यापलीकडे अपील करता येत नाही. म्हणूनच ‘कबूल करून मोकळे व्हा’ हा सल्ला मानण्यापूर्वी दहादा विचार करावा.

सत्र न्यायालयाने अपील फेटाळल्यास दुसरे अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. पण तेथे सहसा निकालाची कायदेशीरता आणि औचित्य पाहिले जाते, पुरावा नव्याने तोलला जात नाही. ‘पुढे हायकोर्ट आहेच’ हा भरवसा फोल ठरतो तो येथे. पुराव्यातील प्रत्येक उणीव पहिल्याच अपिलात मांडली गेली पाहिजे. वकील नेमण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तातडीने अर्ज करावा. तुरुंगातील कैद्यालाही तो करता येतो.